नववीतल्या धावपटू मुलीने आठवड्याला किती धावावे?

दांडियाबाजारकर, वडोदरा
माझी मुलगी १,५०० आणि ३,००० मीटर धावते. जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिच्या प्रशिक्षकांनी आठवड्याचे धावणे ३५ किलोमीटरवरून थेट ६५ वर नेले असून तीन दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्याही लावल्या आहेत. पंधरवड्यापासून तिची वेळ घसरते आहे आणि सकाळी अंथरुणातून उठताना ती डावी नडगी चोळते. गुणी मुलीला मागे ओढण्याची इच्छा नाही. परंतु हे जास्त होत आहे का?

पोलोग्राउंडची पहाट
६५ हा आकडा वाईट नाही. दीड-दोन वर्षांत हळूहळू गाठला असता तर मी काहीच बोललो नसतो. चूक अंतर आणि वेग एकदम वाढवण्यात आहे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, हाडांना मात्र महिने लागतात, त्यामुळे मूल दमलेले दिसत नसतानाच नडगी कुरकुरू लागते. वेगाचा एकच दिवस ठेवावा, फार तर दोन. बाकीचे धावणे इतके संथ असावे की मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. प्रशिक्षक मंडळी न्यूझीलंडचे नामांकित प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या आठवड्याला शंभर मैलांचा दाखला हमखास देतात. पण त्यांचा शिष्य पीटर स्नेल १९६० साली रोममध्ये ८०० मीटरचे सुवर्ण जिंकला तेव्हा २१ वर्षांचा होता, हे सांगायचे राहून जाते. आपले अविनाश साबळेही स्टीपलचेसकडे (अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) वळले ते सैन्यात भरती झाल्यानंतरच.

फिजिओ, मांजलपूर
किलोमीटरचा हिशेब नंतर करा, ताई. नडगीच्या हाडावरून बोट फिरवून पाहा. दुखणे लांबवर पसरलेले असेल तर विश्रांतीने बहुधा निवळते. एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणे आजच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेला असल्यास सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसत नाही, म्हणून नुसत्या स्वच्छ एक्स-रेवर निर्धास्त होऊ नका. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी लांबली आहे का, हेही तिला विचारा, कारण धावण्याच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी चुकते आणि हाडेही कमकुवत होतात.

दांडियाबाजारकर, वडोदरा
रात्री बोट फिरवून पाहिले. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी ती कळवळली. पाळीही दोन महिने आलेली नाही, हे तिने आम्हाला आजवर सांगितलेच नव्हते. उद्या सकाळची वेळ घेतली आहे, आणि मैदानावर येणार नसल्याचे प्रशिक्षकांना आत्ताच कळवले.