कॅनरा पर्लस्पॉट घ्यावा का? दुकानदार म्हणतो दुर्मिळ आहे

टँकवेडा_ठाणे:
काल कुर्ल्याला एका दुकानात सहा मासे दिसले. अंगावर काळे उभे पट्टे, वर मोत्यासारखे ठिपके. "कॅनरा पर्लस्पॉट, आज घ्या, परत मिळेल न मिळेल." टँक चार फुटी आहे. घेऊ का? आणि आपलं कालुंदर ते हेच ना?

पुत्तूरचा_मालवणी:
कालुंदर नाही, त्याचा चुलतभाऊ. कालुंदर खाडीचा, मचूळ पाण्यातला, हा नदीचा. सिक्लिड या माशांच्या कुळातले भारतात मूळचे तीनच, त्यातला हा सगळ्यात कमी जागेत उरलेला. कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या काही नद्या, संपलं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे.

नोकरीपायी नऊ वर्षं इकडे पुत्तूरला आहे. उप्पिनंगडीला कुमारधारा नदी नेत्रावतीला मिळते, तिथे रविवारी जाऊन बसतो. सुरुवातीला मार्चात गुडघाभर पाण्यात जोडी दिसायची, दगडाजवळ राखण करत. हे मासे दगडाला अंडी चिकटवतात आणि नर-मादी दोघं पहारा देतात. आता त्याच काठावर वाळूच्या होड्या लागतात. तळ उपसला की पाणी गढूळ, दगड गाळाखाली. पहारा देणार कशावर? वर डोंगरात नेत्रावतीला मिळणाऱ्या येत्तिनहोळे ओढ्याचं पाणी पूर्वेकडे वळवायचा प्रकल्प आहे, तो वेगळाच. या वर्षी मला एकच जोडी दिसली. (बायको म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय.)

तेव्हा आधी विचारा, टाकीत जन्मलेले आहेत की नदीतून धरलेले?

सिक्लिड_आजोबा:
मालवणी, एक बाजू अशीही आहे. मादागास्करच्या मांगाराहारा नदीतला सिक्लिड आठवतो? धरणांनी नदी आटली. २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभर मादी शोधायचं आवाहन केलं, कारण पाळलेले माहीत होते ते सगळे नर! शेवटी मादागास्करातच थोडे सापडले. टाकीतलं बियाणं कधीतरी कामी येतं.

पुत्तूरचा_मालवणी:
येतं, आजोबा. पण त्यासाठी कुठल्या ओढ्यातला, कोणाची पिल्लं, याची वही लागते. दुकानात ती कुठली?

टँकवेडा_ठाणे:
फोन केला. "नदीतलेच आहेत साहेब, एकदम ओरिजिनल." वर म्हणाला, चार मेले, दोन उरलेत, निम्म्या भावात घ्या. नाही घेतले. पण त्या दोघांचं आता काय?

पुत्तूरचा_मालवणी:
दुकानातच राहतील, किंवा मरतील. खोटं कशाला बोलू? पण ते तुम्ही घेतलेत, तर पुढच्या खेपेला तो बारा मागवेल.