ग्लिया पेशी: नुसता डिंक की आणखी काही?

प्रश्न: मुलीच्या वहीत ग्लिया पेशींविषयी ‘चेतापेशींना आधार देतात’ एवढेच लिहिले आहे. मग मल्टिपल स्क्लेरोसिस आणि अल्झायमरच्या चर्चेत त्यांचे नाव सतत का येते?

प्रतिसाद १: हा समज नावातूनच आला. १८५६ मध्ये जर्मन वैद्यक फिरखो यांनी ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा डिंक, हे नाव दिले आणि ते अक्षरशः चिकटले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरच्या ज्या मायेलिन या आवरणावर हल्ला करते, ते मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया पेशी तयार करतात. अशी एकच पेशी अनेक तंतूंना वेढे घालते, आणि ते वेढे उसवले की संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो, म्हणून कुणाला एका डोळ्याने धूसर दिसते, तर कुणाचा पाय बधिर होतो.

प्रतिसाद २: अल्झायमरमध्ये मुख्य संबंध मायक्रोग्लियाचा, म्हणजे मेंदूत संरक्षण आणि सफाई करणाऱ्या ग्लिया पेशींचा. या पेशी अमिलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांभोवती जमून सफाई करतात, परंतु दाह लांबला तर चेतासंधींनाच (चेतापेशींमधल्या जोडांनाच) इजा पोहोचवतात. ट्रेम-२ या त्यांच्यातील जनुकाचे काही बदल अल्झायमरचा धोका वाढवतात, हे २०१३ मध्ये पुढे आले.

प्रतिसाद ३: एक दुरुस्ती वहीत जरूर करावी. ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात, हे जुने विधान २००९ च्या मोजणीत टिकले नाही. चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि इतर पेशीही (ग्लिया त्यांतच आल्या) जवळपास तेवढ्याच भरल्या.