मदत हवी आहे : गच्चीवरची किब्ल्याची (नमाजासाठी मक्केतल्या काब्याकडची दिशा) रेघ खोलीत कशी आणायची?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. जुन्या घराला लागूनच मशीद होती. मेहराब (किब्ल्याकडच्या भिंतीतला कोनाडा) बघून जानमाज (नमाजाची चटई) अंथरायचा, विषय संपला. इथे मोबाईलमधलं होकायंत्र हॉलमध्ये एक दिशा दाखवतं, लोखंडी कपाटाशेजारी भलतीच. कव्हरचं चुंबक काढल्यावर जरा शहाण्यासारखं वागलं, पण विश्वास बसत नाही.

हिशेबाने सोलापूरहून किब्ला सुमारे २८२ अंशांवर येतो, म्हणजे पश्चिमेपासून १२ अंश उत्तरेकडे. नकाशावर पट्टी ठेवली की जेमतेम ६ निघतात. पृथ्वी गोल आहे, तेव्हा १२च धरायचे, इथवर कळलं. अम्मी म्हणते, "सरळ मगरिबकडे (पश्चिमेकडे) तोंड कर, एवढी मापं कशाला?" तिचंही खरंच आहे. पण आमच्या फरशीची रेघ तरी नेमकी पश्चिमेला जाते का?

२७-२८ मेला आपल्या घड्याळात दुपारी २.४८ वाजता सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा ओळंब्याच्या दोरीची सावली जिकडे पडेल, त्याच्या उलट किब्ला. १५-१६ जुलैला २.५७ वाजता पुन्हा संधी असते, पण तेव्हा आभाळाचा काय भरवसा! मेमधल्या आपल्या उन्हाबद्दल मात्र शंका नको.

कुणी हे करून पाहिलंय का? आमच्या खोलीत ऊन येत नाही. गच्चीवर आखलेली रेघ होकायंत्राशिवाय दोन मजले खाली कशी उतरवायची? गवंडीकाम जाणणाऱ्यांनी जरूर सांगा.