रशीदला तालिबान लागलेच कुठे?

अनवट:
अफगाण-अमेरिकन लेखक खालिद हुसैनींची 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' (२००७) ही कादंबरी परवा दुसऱ्यांदा वाचली. वाचायची राहिली असेल तर पुढे जाऊ नका, कथानक फुटणार आहे. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या एका श्रीमंताची अनौरस मुलगी मरियम, पंधराव्या वर्षी काबूलच्या रशीदच्या गळ्यात बांधलेली. रशीदचं पादत्राणांचं दुकान. अठरा वर्षांनी त्याच घरात लैला सवत म्हणून येते. आधी धुसफूस, मग दोघींचं मायलेकींसारखं नातं.

'तालिबानच्या जुलमाची कहाणी' असं हिच्याबद्दल लोक सर्रास बोलतात. मला ते पटत नाही. भात कच्चा राहिला म्हणून मरियमच्या तोंडात खडे कोंबून 'चाव' म्हणणारा रशीद तालिबानच्या कितीतरी आधीचा आहे. बुरखाही त्यानेच घालायला लावला, १९७४ साली. दोघी पळून जाताना काबूलच्याच लाहोर गेट बस अड्ड्यावर पकडल्या जातात ते १९९४. पोलीस अधिकारी शांतपणे सांगतो की माणूस आपल्या घरात काय करतो हा त्याचा प्रश्न. आणि घरी पोचवतो! पुढे काय होतं ते वाचताना मी पुस्तक मिटून दोनदा गॅलरीत जाऊन आले. तालिबान काबूलमध्ये यायला अजून दोन वर्षं आहेत. १९९६ च्या सप्टेंबरात ते येतात तेव्हा रशीदच्या घरचेच नियम छापून गल्लोगल्ली वाटतात, एवढंच. जुलमी राजवट आभाळातून पडत नाही हे या बाईंनी, सॉरी, या बुवांनी नेमकं पकडलंय.

कडूजहर:
तुम्ही ज्याचं कौतुक करताय तेच या पुस्तकाचं दुखणं आहे. सगळा जुलूम एका नवऱ्यात कोंबला की राजकारण आपोआप गायब. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना बंदुका कुणी दिल्या? अमेरिकेचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत वर्षानुवर्षं जात होता. कादंबरीत रेगनच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांचा ओझरता उल्लेख, की पुन्हा चूल आणि मार.

आणि शेवट? २००३, लैला काबूलला परत, अनाथाश्रमाची डागडुजी, मुलांना शिकवणं, पोटात नवं बाळ. २००७ च्या अमेरिकन वाचकाला 'आपण बरं केलं' असं वाटायला अजून काय लागतं? १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये परतले, त्यानंतर ती पानं पुन्हा वाचा. मला तर लाज वाटली.

झंप्या:
पुस्तक नाही वाचलं. पिच्चर आलाय ना यावर?

अनवट:
तो हुसैनींच्याच पतंगवाल्या कादंबरीवरचा, 'द काइट रनर'. ही वेगळी.

कडूजहर, शेवट गोड आहे हे मान्य. पण एक जागा तुमच्या नजरेतून सुटली. अमेरिकेचे हल्ले सुरू होतात तेव्हा तारिक (लैलाचा बालमित्र, आता नवरा) म्हणतो, हे कदाचित इतकं वाईट नसेलही. त्यावर लैला उसळते. तिचे आईबाप रॉकेटने मारलेले आहेत, तिला कुणी बॉम्बचे फायदे सांगू नयेत. 'आपण बरं केलं' म्हणणाऱ्याला ही बाई सोयीची नाही.

सूतिकागृह:
मी प्रसूतितज्ज्ञ आहे, त्यामुळे माझं वाचन एकाच प्रसंगाशी अडकलं. त्यावरूनच मला अनवट यांचं म्हणणं अपुरं वाटतं.

लैलाच्या दुसऱ्या बाळंतपणात मूल पायाळू. मलालाई रुग्णालय आता फक्त पुरुषांचं, म्हणून बायकांसाठी उरलेल्या राबिया बल्खीत धावाधाव. तिथे एक्स-रे नाही, ऑक्सिजन नाही, भूल नाही. सिझेरियन करावंच लागणार, नाहीतर दोन्ही जीव जाणार. डॉक्टरीण बुरखा काढून शस्त्रक्रिया करते आणि नर्सला दारात उभं करते, कुणी आलं तर सांगायला. मी निवासी डॉक्टर असताना वीज गेल्यावर टॉर्चवर टाके घातलेत. त्याचं मोठं कौतुक होतं मला, हे वाचेपर्यंत.

सांगायचं हे की रशीद बायकोला मारू शकतो, कोंडू शकतो. पण सगळ्या शहराच्या बायकांची भूल एका हुकमाने काढून घेणं त्याच्या हातात नाही. त्याला राजवटच लागते. १९९७ च्या शरदात काबूलच्या बायकांना बहुतेक रुग्णालयांतून खरोखरच बाहेर काढलं होतं, रेडक्रॉसच्या मध्यस्थीनंतर थोडं सैल झालं. आणि आता, डिसेंबर २०२४ मध्ये, मुलींचं दाई आणि नर्सिंगचं शिक्षणही बंद केलं. उद्या बाळंतपणं कोण करणार? यात 'घरचेच नियम छापले' कुठे बसतं?

कडूजहर:
+१. डॉक्टरांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा बरं मांडलं.

अनवट:
डॉक्टर, हा मुद्दा मला सुचला नव्हता. 'एवढंच' हा शब्द मागे घेते. पण मूळ म्हणणं सोडत नाही. त्या हुकमाला रस्त्यावर पुरुषांचा विरोध किती दिसतो पुस्तकात? रशीद तालिबानकडे तऱ्हेवाईक चुलतभावाकडे बघावं तसं बघतो. त्याचं काही बिघडत नाही ना! बिघडतं केव्हा, तर दुकान जळून हातातोंडाची गाठ पडेना होते तेव्हा.

कडूजहर:
बरं, एक गोष्ट पुस्तकाच्या बाजूने. लैलाच्या वडिलांना कम्युनिस्टांनी शाळेतल्या नोकरीवरून काढलं, ते पावाच्या कारखान्यात लागले. तेच लेकीला सांगतात की बायकांना शिकायला हा काळ चांगला आहे, संधी सोडू नकोस. ज्याने पोटावर पाय दिला त्याची बरी बाजू सांगणारा बाप. असं अवघड राजकारण पुस्तकभर हवं होतं. मिळतं पाऊण पान.

कर्वेनगर:
एमए करताना पुण्यात माझ्या वर्गात हेरातची एक मुलगी होती, शिष्यवृत्तीवर आलेली. मी उत्साहाने हेच पुस्तक काढलं, तर म्हणाली, तू सातवी. इथे सगळे आम्हाला हेच एक पुस्तक विचारतात. तुमच्या देशाबद्दल मी एकच कादंबरी वाचून प्रश्न विचारत बसले तर चालेल का?

मी गप्प. नंतर तीच हसत म्हणाली, तालिबानच्या भीतीने अंगणात टीव्ही पुरतात ते मात्र बरोबर आहे. आमचा पेटीत होता, वर रजया.

तिला सगळ्यात आवडलेली जागा माझ्या लक्षातही नव्हती. अनाथाश्रमात मुलींना चोरून शिकवतात. खिडक्यांना पडदे, शेजारी लोकर आणि सुया तयार. तपासणी आली की पुस्तकं आत, विणकाम बाहेर.

ती आता जर्मनीत आहे. भाची हेरातलाच, सहावी झाल्यावर घरी बसवलेली. मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, भाची काय करते हल्ली? म्हणाली, विणते. आणि हसली. फोनवर पुढे काही विचारायचं मी टाळलं.