पावसात तळ्याकाठच्या पडीक इमारतीत शिरून शूटिंग करावं का?

ओलीभिंत:
परवा एका तळ्याकाठच्या पडीक इमारतीत भर पावसात शूट केलं. क्लिप पाहून निम्म्या मित्रांनी वेड्यात काढलं म्हणून इथे मांडतोय. माझं स्पष्ट मत आहे की असली वास्तू टिपायची तर पावसातच, उन्हात ती नुसती जुनी दिसते, पावसात कळतं की पाणी कुठून शिरतंय, कुठे साचतंय, कुठली भिंत ते पितेय. वरच्या मजल्यावर एका खिडकीखाली गिलाव्याचा पोपडा सुटून लोंबत होता, त्याच्यामागून बारीक धार थेट विटांच्या सांध्यात जात होती आणि सांध्यातला चुना वाहून खाली पांढरा ओघळ आला होता. कोरड्या दिवसात ही धार कोणाला दिसणार? या इमारती कोणी सांभाळत नाही, पडतील तेव्हा फक्त फुटेज उरेल.

सळई_सिमेंट:
फुटेजचं मोल मान्य, पण पावसात आत जायला माझा ठाम विरोध. बांधकामाच्या साइटवर आयुष्य चाललंय म्हणून सांगतो. आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, पाणी झिरपलं की सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, तो काँक्रीट आतून फोडतो. वरून धड दिसणारा स्लॅब खालून सुटलेला असतो. त्यात गच्चीचे पाइप पाल्याने तुंबलेले. १० सेंटिमीटर पाणी साचलं तर १ चौरस मीटरवर १०० किलो, म्हणजे २० चौरस मीटरच्या छतावर २ टन जादा वजन, आणि तेही नेमकं तुम्ही खाली उभे असताना. शिवाय तळं भरलं की पायाखालची माती भिजून तिची ताकद उतरते ते वेगळंच.

ओलीभिंत:
अहो मी मधोमध पाय देतच नाही, कायम भिंतीलगत चालतो, जुनी फळ्यांची जमीन असली तरी.

सळई_सिमेंट:
तिथेच तर फसगत होते. लाकडी तुळईची टोकं भिंतीत घुसवलेली असतात आणि भिंत ओली राहिली की कुजायला सुरुवात तिथूनच. मधे ठोकून पाहिलं तर ठणठणीत वाजेल आणि टोक भुसभुशीत झालेलं असेल. लाकडात ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते. तुमची ती पाणी पिणारी भिंत आठवा आणि तिच्यात किती तुळया टेकल्यात ते मोजा.

फोकसपुलर:
मी शूटिंगच्या बाजूने, पण बाहेरून. पाऊस कॅमेऱ्यात दिसायला उजेड मागून लागतो, इमारत आणि तळं समोर ठेवून आभाळाच्या उजळ बाजूकडे तोंड करा, धारा आपोआप उठून दिसतात. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर पावसाच्या रेषा येतात, १/५०० ला थेंब सुटे दिसतात. आत अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवून चित्रात नुसते दाणे (नॉइज) मिळतात. आणि फोनच्या आयपी६८ या पाणीरोधक दर्जावर विसंबू नका, ती टेस्ट स्थिर गोड्या पाण्यातली असते आणि फोन वापरून जुना झाला की सील ढिलं पडतं.

काठावरची:
माझा आक्षेप पडझडीवर नाही, गर्दीवर आहे. एक क्लिप चालली की लोकेशन फुटतं आणि मागून पोरंटोरं येतात, भिंतीवर नावं कोरतात, दारं-चौकटी उचलून नेतात. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस असतं, लोक ते न काढताच फाइल पाठवतात. जपानच्या हाशिमा बेटावरची खाण १९७४ ला बंद पडली, माणसं गेली, आणि २००९ पासून पर्यटकांना सोडतात तेही ठरलेल्या वाटेवरूनच, समुद्र खवळला तर बोट लागतच नाही. तिथे परवानगी आणि कठडा आहे, आपल्या पडीक इमारतीत काय आहे? आणि साचलेल्या पाण्यातून चालता, त्यात उंदरांचं मूत असलं आणि पायाला साधी जखम असली तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप) होऊ शकतो, हे कोणी बोलतच नाही.

ओलीभिंत:
लोकेशनचं शंभर टक्के पटलं, जीपीएस काढून टाकतो आणि जागेचं नाव कुठेच घालणार नाही. गमबूटही घालेन. पण बाहेरून घेतलेल्या शॉटमध्ये इमारतीचं दुखणं दिसत नाही हो, नुसतं सुंदर चित्र दिसतं. नोंद करायची तर ओघळ, फुगलेला स्लॅब, उघडी सळई जवळूनच घ्यावी लागते. तळमजल्यावरून, चौकटीत उभं राहून घेतलं तर?

सळई_सिमेंट:
चौकटीचं सांगून नका समाधान करून घेऊ, वरचा लिंटेलही (चौकटीवरची आडवी पट्टी) त्याच पाण्यात भिजतोय. मालकाची परवानगी काढा, कोरड्या दिवसात जाणकाराला घेऊन जागा बघून ठेवा आणि पावसात उंबऱ्याच्या बाहेर थांबून लांब दांड्यावर कॅमेरा आत सरकवा.

फोकसपुलर:
दांड्याला दोन बाजूंनी टेकू द्या, नाहीतर वाऱ्याने फ्रेम हलते. कॅमेरा एसीतून थेट काढू नका, दमट हवेत लेन्स धुरकटते. बाहेरच्या हवेत रुळू द्या, मगच रेकॉर्ड दाबा.