मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास? तिकिटावरचा हिशेब लागत नाहीये

आई-बाबा जुलैमध्ये ताईकडे न्यू जर्सीला चाललेत, पहिल्यांदाच, मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइट आहे. तिकिटावर रात्री १ ला सुटणार आणि त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोचणार असं आहे. बाबा म्हणतात साडेसहा तासात अमेरिका कशी येईल, ताई म्हणते १६ तास लागतात, आणि मी नेटवर अंतर बघितलं तर साधारण १२,५०० किमी, म्हणजे ताशी ९०० नं १४ तास. खरं काय धरायचं? आईला शुगर आहे, गोळ्यांच्या वेळा बसवायच्यात म्हणून विचारतोय.

उत्तर १
ताईचं बरोबर आहे. सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची तिथली छापतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले १६. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा होतो.

उत्तर २
१४ चे १६ का होतात ते सांगतो. एक तर तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत जाणं, लाइनीत थांबणं सगळं आलं. दुसरं म्हणजे वरती जेट स्ट्रीमचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, जाताना ते समोरून येतं आणि येताना पाठीमागून ढकलतं, म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो. आणि ते १२,५०० पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे, घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा, तो रशिया, ग्रीनलँडच्या बाजूनं जातो, सपाट नकाशावर हे कळतच नाही. विमान मात्र वारा आणि मोकळी हद्द बघून जातं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा किती फ्लाइट्सना वळसा पडला आठवतंय ना.

उत्तर ३
वाऱ्याचं अगदी खरं. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून वारं पाठीशी घेऊन नेलं, रस्ता १४०० किमीनं वाढून १५,३०० झाला तरी साडेचौदा तासात पोचले आणि वेळ उलट वाचला!
काकूंचं म्हणाल तर गोळ्या केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये अजिबात नको, प्रिस्क्रिप्शन बरोबर असू दे. हातातलं घड्याळ पोचेपर्यंत मुंबईच्या टायमावरच राहू द्या. मी आईला तसंच करायला लावलं होतं, गोंधळ झाला नाही. इन्सुलिन चालू असेल तर मात्र जायच्या आधी डॉक्टरांनाच विचारा. सीट आयलची घ्या, अधूनमधून उठून चालता येतं, १६ तास एका जागी बसून पायाला सूज येते.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. इन्सुलिन नाहीये, गोळ्याच आहेत, तरी उद्या डॉक्टरांना फोन करतो. परतीचं तिकीटही आत्ता काढून बघितलं, सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी ११:३० ला मुंबई, म्हणजे २४ तासातून साडेनऊ वजा, साडेचौदा. बाबांना कागदावर मांडून दाखवलं, आता ते शेजारच्या काकांना समजावून सांगतायत.