भूगोलाच्या शिक्षकाचे ५० तास: ऑनलाइन प्रमाणपत्रं की आपल्या तालुक्याचं नकाशापत्रक?

बालाघाट_कडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. हे तास भरतात कशानं? बहुतेक वेळा व्हिडिओ बघून, प्रश्नावली सोडवून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊन. मूल्यमापन, समावेशन, नेतृत्व हे विषय सगळ्यांना सारखेच. त्यात भूगोलाच्या वाट्याला 'सामाजिक शास्त्रे' या नावाखाली एखादा घटक येतो.

माझं म्हणणं असं, की माध्यमिकला भूगोल शिकवणाऱ्याचे यातले निम्मे, म्हणजे २५ तास, स्वतःच्या तालुक्याच्या १:५०,००० स्थलनिर्देशक नकाशावर (ज्यात चढउतार, नद्या, रस्ते, गावं सगळं दाखवलेलं असतं) आणि त्याच नकाशातल्या जमिनीवर जावेत. सातवीला समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) आहेत, नववीला वितरणाचे नकाशे आहेत, दहावीचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. तिन्हींना पुरेल एवढं साहित्य त्या एका पत्रकात आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर खुल्या मालिकेची (सर्वांना वापरता येणारी, 'ओपन सिरीज') पत्रकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. म्हणजे अडचण पैशाची नाही, हाताळायची सवय नसण्याची आहे.

नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. पहिला घोळ क्रमांकाचा. जुन्या पद्धतीत लातूर ५६ बी मध्ये आणि पैठण ४७ एम मध्ये येतं. खुल्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत: मराठवाड्याचा बहुतेक भाग ई ४३ मध्ये, कन्नड-सोयगावकडची वरची पट्टी एफ ४३ मध्ये आणि किनवटची पूर्वेकडची कड ई ४४ मध्ये. जुना क्रमांक टाकून शोधणाऱ्याला पत्रक सापडत नाही आणि तो तिथंच सोडून देतो.

दुसरा घोळ छपाईचा. आपल्या अक्षांशावर १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटांचं पत्रक मूळ प्रमाणात साधारण ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद भरतं. ते ए-३ वर 'पानात बसवा' करून छापलं की जवळपास निम्मं होतं. खाली मात्र १:५०,००० तसंच छापलेलं राहतं. मग मुलं २ सेंमीला १ किमी धरून मोजतात आणि गाव ते धरण अंतर निम्मंच येतं. उपाय दोन आहेत. फ्लेक्सच्या दुकानात ए-१ वर शंभर टक्के प्रमाणात छापून घ्या, नाहीतर संख्याप्रमाण (१:५०,००० हा आकडा) खोडून फक्त रेषाप्रमाण (नकाशाखाली काढलेली किलोमीटरची पट्टी) वापरा. नकाशा लहान-मोठा झाला तरी रेषाप्रमाण त्याच्याबरोबर बदलतं, म्हणून ते खोटं पडत नाही. एवढी एक गोष्ट हातानं करून पाहिली तर सहावी ते दहावीचं प्रमाणाचं शिकवणं बदलेल.

किनवट_उपग्रह

सर, नकाशापत्रकाबद्दल दुमत नाही, पण ऑनलाइनला तुम्ही एकाच मापानं मोजताय. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणानं अभ्यासक्रम चालवते. सुदूर संवेदन (उपग्रहावरून जमिनीची माहिती घेणं), जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं), उपग्रह स्थाननिश्चिती हे विषय तिथं त्याच क्षेत्रात काम करणारे शास्त्रज्ञ शिकवतात. शुल्क नाही, प्रवास नाही. किनवट, माहूर, सोयगाव, भूम इथल्या शिक्षकाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन दिवस मोडतो. त्याला घरबसल्या हे मिळत असेल तर 'प्रमाणपत्रं गोळा करणं' म्हणून ते खाली का ढकलायचं?

शिवाय जमिनीवर उभं राहून सगळं दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. वर्गात भूकंप म्हटलं की भूकवचाच्या फलकांच्या (प्लेट्सच्या) कडा शिकवल्या जातात आणि मूल विचारतं, मग आपल्याकडं कसा झाला? किल्लारी फलकाच्या आत आहे. भूकंपानंतर तिथं घेतलेल्या विंधन छिद्रात बेसाल्ट तीनशे मीटरहून जाड निघाला, त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक. शेतात फिरून हे कोणाला दिसणार? यासाठी व्याख्यानच लागतं, चांगल्या माणसाचं. माझी मागणी २५ तास जमिनीवरचे नकोत अशी नाही. तास कोणत्या माध्यमातून झाले त्यापेक्षा ते भूगोलाचे होते का, हे तपासा.

सामाजिकशास्त्रे_सर्व

दोघंही भूगोलाची पदवी असलेला शिक्षक गृहीत धरताय. अनेक शाळांत इतिहासाची किंवा मराठीची पदवी असलेल्या शिक्षकाकडे भूगोल येतो, कारण वेळापत्रकात तासिका उरतात. त्याला समोच्चरेषेवरून उताराची दिशा ओळखता येत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) दाखवून काय होणार? आधी पाठ्यपुस्तकातले नकाशे त्यानं स्वतः भरावेत. पेन्सिल, कोरे आराखडे, सहा तास. बाकीचं नंतर.

बालाघाट_कडा

ताई, अशा शिक्षकासाठीच तर हातकाम हवं. पुठ्ठ्याची डोंगराची प्रतिकृती करायला पदवी लागत नाही. नकाशातली एक टेकडी निवडा. दर २० मीटरची रेषा कार्बन पेपरनं ३ मिमी पुठ्ठ्यावर उतरवा, कापा, खालून वर चिकटवा. प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या रेषेची पुसट खूणही उतरवून घ्या, नाहीतर वरचा थर कुठं बसवायचा तेच कळत नाही आणि कडा भलत्या बाजूला सरकतो.

आता यातली खरी चूक. १:५०,००० ला ३ मिमी म्हणजे १५० मीटर. आपण तो थर २० मीटरसाठी वापरतो. म्हणजे उंची साडेसात पट फुगली. बालाघाट डोंगररांगेचे सपाट माथे त्यात मनोऱ्यासारखे उभे दिसतात. ५ मिमी थर्मोकोल घेतलं तर हीच फुगवट साडेबारा पट होते. नकाशा दुप्पट मोठा करून १:२५,००० केला आणि तोच ३ मिमी पुठ्ठा ठेवला तर पावणेचार पटीवर येते. प्रतिकृतीवर 'उंची इतक्या पट वाढवली आहे' अशी पट्टी चिकटवायची. विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतींवर ही पट्टी सहसा नसते आणि मूल बालाघाट म्हणजे हिमालय समजून घरी जातं.

मुख्याध्यापकांची_बाजू

वेळेचा हिशोब कोणीच मांडत नाही. भूगोलाचा पेपर ४० गुणांचा. त्याच शिक्षकाकडे इतिहास-राज्यशास्त्राचे ४०, वर वर्गशिक्षकपद, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं. शिक्षक दोन दिवस शिवारात गेला तर त्याचे वर्ग कोण घेणार? बदली शिक्षक मिळत नाही. ऑनलाइन प्रशिक्षण संध्याकाळी होतं, म्हणून शाळेला ते सोसतं.

क्षेत्रभेटीत मुलं असतील तर पालकांची संमतिपत्रं, वाहन, प्रथमोपचार पेटी, मुलींसोबत शिक्षिका, हे सगळं माझ्या सहीनं जातं. कोणी विहिरीत डोकावताना घसरलं तर जबाबदारी नकाशाची नसते.

गोदातीर

मुख्याध्यापक सर, जबाबदारीचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच विहिरीचं मोजमाप मुलांनी नाही, शिक्षकांनी प्रशिक्षणात करावं आणि वर्गात फक्त आकडे आणावेत असं माझं मत आहे. वेळेबद्दल मात्र असहमत. दर महिन्याच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला शिक्षक जातोच. त्यातला दुपारचा भाग विषयवार केला तर नवीन दिवस लागत नाही.

विहिरींचा घटक मराठवाड्यासाठी इतका मोलाचा आहे की त्यावर थोडं सविस्तर लिहितो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. शाळेनं तेच चार महिने धरले तर आकडे ताडून पाहता येतात. पद्धत: फितीला वजन बांधून सोडायचं, पाण्याला टेकल्याचं कळलं की कठड्याच्या वरच्या कडेपाशी वाचन घ्यायचं, त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. ही वजाबाकी राहून गेली की ९० सेंमी कठड्याची विहीर शेजारच्या बिनकठड्याच्या विहिरीपेक्षा ९० सेंमी खोल दिसते. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजू नये. पहाटे, रात्रभराच्या विश्रांतीनंतर मोजावं.

सगळ्यात मोठी चूक पुढं होते. विहिरी आणि बोअर यांचे आकडे एकाच नकाशावर टाकून समघनी रेषा (सारख्या आकड्याची ठिकाणं जोडणाऱ्या) काढल्या जातात. आपल्याकडं विहीर लागते ती वरच्या झिजलेल्या, मुरमाड बेसाल्टात. बोअर खालच्या भेगांतून पाणी ओढतो. दोन्हींची पातळी एकमेकींशी जुळायचं कारण नाही. एकत्र रेषा काढल्या तर गावाच्या मधोमध एक खड्डा तयार होतो, जो जमिनीत नसतोच. दोन वेगळे नकाशे करा. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं हे त्यानंतर शिकवा, मुलं प्रश्न विचारतील.

नकाशाघर

किनवटच्या सरांच्या बाजूनं एक भर. संगणक कक्ष असलेल्या शाळेत क्यूजीआयएस मोफत बसवता येतं आणि एकदा माहिती उतरवली की इंटरनेट लागत नाही. ३० मीटर विभेदनाची उंचीची माहिती घ्यायची, 'कंटूर' साधनात अंतर २० टाकायचं, रेषा तयार. पण उंचीवरून छायांकन केलं की बऱ्याच जणांना एकतर काळा डाग मिळतो किंवा चंद्रावरच्यासारखे सुळके. कारण माहिती अंशांत असते आणि उंची मीटरमध्ये. आधी ती यूटीएम ४३ उत्तर या, अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात बदलून घ्यावी लागते. व्याख्यान ऐकताना ही अडचण समोर येत नाही. शेजारी बसून दाखवणारा माणूस असला की दहा मिनिटांत सुटते. म्हणजे साधन ऑनलाइनचं, शिकणं समोरासमोर. दोन्ही बाजूंना मी इथं थोडं चूक म्हणेन.

आणि नववीचा क्षेत्रघनी नकाशा (प्रत्येक भागाला आकड्याप्रमाणे छटा देणारा). तालुक्याची एकूण लोकसंख्या रंगवू नका, घनता रंगवा. एकूण आकडा रंगवला की मोठा तालुका गडद होतो आणि मुलाला वाटतं तिथं दाटी आहे. मराठवाड्याचे ८ जिल्हे पाच छटांना कमी पडतात. ७६ तालुके घ्या.

सामाजिकशास्त्रे_सर्व

हे सगळं चांगलं आहे, पण एकाही गोष्टीत मला 'सोमवारी तिसऱ्या तासिकेला काय करू' याचं उत्तर मिळत नाही. ३५ मिनिटांत होणारं, सामान न लागणारं, पदवी नसलेल्याला जमणारं एक तरी सांगा.

बालाघाट_कडा

सांगतो. २३ सप्टेंबर, विषुवदिन (दिवस-रात्र जवळपास सारखे). मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानंतर सहा दिवसांनी, त्यामुळं तारीख लक्षात राहते. १ मीटरची सरळ काठी सपाट फरशीवर उभी करायची आणि मध्यान्हीची सावली मोजायची. लातूरला ती ३३.३ सेंमी भरायला हवी, छत्रपती संभाजीनगरला ३६.२. सावली भागिले काठी, त्याचा कोन (टॅन्जंटच्या कोष्टकावरून) काढला की शाळेचा अक्षांश हातात. शून्य सावलीचा दिवस लोक जास्त सांगतात, पण तो आपल्याकडं मेच्या मध्यात येतो तेव्हा सुट्टी असते आणि जुलैअखेर येतो तेव्हा आभाळ.

बारा वाजता मोजू नका. आपण ८२.५ अंश पूर्वेच्या वेळेवर चालतो, म्हणून त्या दिवशी लातूरची खरी मध्यान्ह सुमारे १२ वाजून १६ मिनिटांनी आणि संभाजीनगरची १२ वाजून २१ मिनिटांनी होते. १२ पासून दर ५ मिनिटांनी टोकाला खडूची खूण करा, सगळ्यात आखूड सावली घ्या. काठी ओळंब्यानं सरळ करा. ती उत्तर-दक्षिण एक अंश जरी कलली तरी सावलीत जवळपास २ सेंमीचा फरक पडतो आणि दोन शहरांमधला सगळा फरकच २.९ सेंमीचा आहे. टोक पुसट दिसतं, कारण सूर्य ठिपका नाही, चकती आहे. पुसट पट्ट्याचा मध्य धरा.

मुख्याध्यापकांची_बाजू

याला माझी सही लागणार नाही, आवारातच होतंय. पण यासाठी २५ तासांचं प्रशिक्षण कशाला? ही दहा ओळींची सूचना गटावर टाकली तरी पुरे.

बालाघाट_कडा

सूचना पुरत नाही, कारण काठी कलल्याचं सूचनेला कळत नाही. लातूरच्या वर्गात ३५ सेंमी आलं तर चूक ओळंब्याची, वेळेची की तारखेची, हे शिक्षकाला त्याच जागी ओळखता आलं पाहिजे. एकदा स्वतः तीन चुका मुद्दाम करून पाहिल्या की ते येतं.

किनवट_उपग्रह

इथं मी तुमच्या बाजूला येतो, अर्धा. मात्र हीच गोष्ट दोन शाळांनी एकाच दिवशी, व्हिडिओ कॉलवर करावी. लातूर आणि संभाजीनगरच्या कोनांतला फरक सुमारे दीड अंश, अंशाला १११ किमी धरले तर उत्तर-दक्षिण अंतर १६५ किमीच्या आसपास येतं. नकाशापत्रकांवरून तपासता येईल. एका शाळेत आभाळ आलं तर दोघींनीही दुसऱ्या दिवशी घ्यायचं. एकीनं २३ ला आणि दुसरीनं २४ ला घेतलं तर सूर्य तेवढ्यात ०.४ अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि अंतर ४४ किमीनं चुकतं. प्रशिक्षणाचे तास दोन्ही शिक्षकांच्या नावावर लागावेत ही माझी अट.

गोदातीर

तास कोण मोजणार, केंद्रप्रमुख की पोर्टल? पोर्टलवर काठीसाठी रकाना नाही.